स्वभावाची चाचणी किती खरी?



मागच्या महिन्यात आपल्या रेडिओवर दोन फोन आले. गावं वेगळी, पण विषय एकच. पहिल्या ताई एका बचत गटाच्या सदस्य. त्यांच्याकडे प्रशिक्षणाला आलेल्या पाहुण्यांनी सगळ्यांना छापील कागद दिले, त्यावर खुणा करायला लावल्या आणि शेवटी प्रत्येकीला चार इंग्रजी अक्षरं दिली. हा तुमचा स्वभावाचा प्रकार, असं सांगितलं. गटाच्या सचिव निघाल्या ‘अंतर्मुख’. म्हणजे आपल्या आपल्यात राहणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. आता काहीजणी म्हणायला लागल्यात की बँकेत, पंचायतीत बोलायचं काम असतं, तिथे असा स्वभाव चालायचा नाही, सचिव बदला. ताईंचा प्रश्न सरळ होता: “कागदाचं ऐकायचं का?”

दुसरा फोन एका आईचा. मुलगी आठवीत आहे. शाळेत कुणी माणसं आली होती. दहा बोटांचे ठसे घेतो आणि मुलीचा स्वभाव काय, बुद्धी कशात, पुढे तिला कोणत्या लाइनला घालायचं ते सांगतो, असं म्हणाली. फी काही हजार रुपये. “गटातून कर्ज उचलून करू का?” असं आई विचारत होती.

आधी चार अक्षरांच्या कागदाबद्दल बोलू. फोनवर ताईंनी जे वर्णन केलं त्यावरून ती जगभर चालणारी ‘मायर्स-ब्रिग्ज’ चाचणी किंवा तिची नक्कल असावी. ही चाचणी एका मायलेकीने बनवली, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. आई कॅथरीन ब्रिग्ज, लेक इसाबेल मायर्स, दोघी अमेरिकेतल्या. त्याची सुरुवात झाली जावयापासून! इसाबेलने लग्नासाठी निवडलेला मुलगा वकिलीकडे वळलेला, हिशेबी, व्यवहारी. त्याची विचार करायची पद्धत ब्रिग्ज घराण्यापेक्षा अगदीच निराळी. सासूबाईंना कुतूहल वाटलं की माणसं अशी वेगवेगळी का असतात. त्यांनी थोरामोठ्यांची चरित्रं वाचून स्वभावाचे प्रकार मांडायला घेतले. एवढ्यात स्वित्झर्लंडचे मनोवैज्ञानिक कार्ल युंग यांचं याच विषयावरचं पुस्तक 1921 साली निघालं, दोन वर्षांनी इंग्रजीत आलं, आणि कॅथरीनबाईंनी ते उराशी धरलं.

पुढे दुसरं महायुद्ध आलं. पुरुष लढाईवर गेले आणि अमेरिकेतल्या लाखो बायका पहिल्यांदाच कारखान्यांत, कचेऱ्यांत कामाला लागल्या. कुणाला कोणतं काम मानवेल हे कळायला काही साधन हवं, असं इसाबेलला वाटलं आणि तिने प्रश्नावली तयार केली. हेतू चांगला होता. चिकाटीही मोठी होती, ती मरेपर्यंत, म्हणजे 1980 पर्यंत, तिच्यावर काम करत राहिली. पण दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. आणि ज्या युंगच्या पुस्तकावर हे सगळं उभं, त्यानेही हजारो माणसांची पाहणी करून प्रकार काढले नव्हते, आपल्याकडे आलेले रुग्ण आणि आपलं निरीक्षण यांवरून लिहिलं होतं. पूर्ण अंतर्मुख किंवा पूर्ण बहिर्मुख असा माणूस प्रत्यक्षात नसतो, हे तर युंगनेच सांगून ठेवलेलं आहे.

चाचणीची रीत सोपी आहे. चार जोड्या. माणसांत रमता की एकटं राहणं आवडतं? समोर दिसतं त्यावर भर देता की मनात काय येतं त्यावर? निर्णय डोक्याने घेता की मनाने? आधी आखून करता की वेळ येईल तसं? प्रत्येक जोडीतून एक अक्षर. दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे 16 प्रकार. जगातली सगळी माणसं 16 कप्प्यांच्या मिसळणाच्या डब्यात.

आता अडचण कुठे आहे ते बघा. समजा, तुमच्या गटातल्या वीसजणींची उंची मोजली आणि ठरवलं की पाच फुटांच्या वर ती उंच, खाली ती बुटकी. एकीची उंची पाच फूट अर्धा इंच, दुसरीची चार फूट साडेअकरा इंच. शेजारी उभ्या केल्या तर फरक कळणारही नाही, पण कागदावर एक उंच आणि एक बुटकी. शिवाय पाच फूट आठ इंचवाली आणि पाच फूट अर्ध्या इंचवाली, दोघी एकाच कप्प्यात. स्वभावाचंही असंच आहे. मोजायला गेलं की बहुतेक माणसं मधोमध सापडतात, फार बोलकी आणि फार अबोल अशी टोकाची थोडीच. चाचणी मात्र बरोबर मधून रेघ मारते, जिथे सगळ्यात जास्त गर्दी असते तिथून.

म्हणून काय होतं? तीच चाचणी त्याच माणसाला थोड्या दिवसांनी पुन्हा दिली तर बऱ्याचदा एखादं अक्षर बदलतं. काही अभ्यासांत तर पाच आठवड्यांनी जवळपास निम्म्या लोकांचा प्रकार बदललेला निघाला. किराणा दुकानातला काटा आज एक किलो आणि पुढच्या महिन्यात त्याच पिशवीला पाऊण किलो दाखवायला लागला, तर आपण त्या दुकानात जाऊ का? अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने 1991 साली हा सगळा विषय तपासला, आणि कुणाला कोणतं काम द्यावं हे ठरवण्यासाठी ही चाचणी वापरावी एवढा पुरावा नाही, असंच मत दिलं.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते, ती पुस्तकातली नाही, आपल्या घरातली आहे. ‘अनोळखी लोकांशी तुम्ही आपणहून बोलता का?’ असा प्रश्न आला तर आपण काय लिहायचं? माहेरी की सासरी? माहेरच्या जत्रेत जी पोरगी पाळण्यावरून ओरडून सगळ्यांना हाका मारायची, तिलाच सासरी पहिली दोन वर्षं ‘आमची सून फार अबोल’ म्हणतात. दीर-सासरे समोर असताना आपण एक असतो, नदीवर धुणं धुताना दुसऱ्या आणि हळदी-कुंकवाला तिसऱ्या. ज्या देशात, ज्या कचेऱ्यांत हे प्रश्न तयार झाले तिथे बाईवर अशी बंधनं वेगळ्या प्रकारची होती. आपल्याकडे गप्प बसणं हा पुष्कळदा स्वभाव नसतो, ती परिस्थिती असते. कागदाला हे कळत नाही.

तुम्ही म्हणाल, पण ताई, कागदावर जे लिहिलं होतं ते अगदी माझंच वर्णन होतं! आता एक गंमत करू. मी चार वाक्यं वाचते, ती तुम्हाला लागू पडतात का ते मनाशी बघा.

‘तुम्ही दुसऱ्यांसाठी खूप करता, पण त्याची जाण सगळ्यांनाच असते असं नाही. वरून तुम्ही खंबीर दिसता, आतून मात्र आपलं काही चुकलं तर नाही ना, अशी धाकधूक असते. तुम्हाला माणसं हवीशी वाटतात, तरी कधी कधी वाटतं, थोडा वेळ कुणी माझ्याशी बोलूच नये. तुमच्या अंगात असे काही गुण आहेत, ज्यांना अजून वाव मिळालेला नाही.’

पटलं ना? ही वाक्यं मी काल रात्री भाकरी झाल्यावर ओट्यापाशी बसून लिहिली. तुमच्यापैकी कुणाला डोळ्यांसमोर न ठेवता. आणि ऐकणाऱ्या जवळपास प्रत्येकीला ती आपलीच वाटणार.

हा प्रयोग खरा केला बर्ट्राम फोरर नावाच्या मानसशास्त्राच्या शिक्षकाने, 1948 साली, अमेरिकेत. त्यांनी वर्गातल्या 39 विद्यार्थ्यांना स्वभावाची चाचणी दिली. आठवड्याने प्रत्येकाच्या हातात ‘तुझा निकाल’ म्हणून कागद ठेवला आणि विचारलं, हे वर्णन तुला किती लागू पडतं? पाचपैकी गुण द्या. सरासरी आली 4.26. मग कळलं की सगळ्यांच्या कागदावर शब्दन् शब्द एकच मजकूर होता, आणि त्यातला बराचसा रस्त्यावरच्या दुकानात मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून उचललेला होता. तेव्हा ‘मला पटलं’ हा चाचणी खरी असल्याचा पुरावा होत नाही. राशीभविष्य वाचताना जे होतं तेच इथे होतं, फक्त इथे इंग्रजी अक्षरं असतात म्हणून ते शास्त्र वाटतं.

स्वभाव मोजताच येत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. संशोधक आज पाच गुणांची मोजणी जास्त वापरतात: माणसांत रमणं, कामातली शिस्त, दुसऱ्याशी जुळवून घेणं, नव्याची ओढ आणि मनाची चलबिचल. त्यात कप्पे नसतात, फूटपट्टीसारखं कमी-जास्त असतं. कामातली शिस्त जास्त असलेली माणसं सरासरीने काम चांगलं करतात, असं पुष्कळ अभ्यासांत दिसलंय. पण सरासरी ही शंभर-हजार माणसांची असते. समोर बसलेल्या एका बाईविषयी ती फार थोडं सांगते.

आता पहिल्या ताईंचं उत्तर. ही चाचणी विकणारी मूळ कंपनी स्वतःच सांगते की कुणाला कामावर घ्यायचं, कुणाला नाही, यासाठी तिचा वापर करू नका. मग आपण एका सचिवाला तिच्यावरून कशाला काढायचं? सचिवाचं काम वहीत दिसतं. मासिक बैठकीचं इतिवृत्त वेळेवर लिहिलंय का, कर्जाचे हप्ते बरोबर चढलेत का, बँकेतून पासबुक भरून येतं का. कमी बोलणारी बाई बँकेच्या साहेबांसमोर आकडा चुकू देत नसेल, तर ती तुमची लक्ष्मी आहे. आणि काम खरंच होत नसेल तर सचिव जरूर बदला, पण वही उघडून, सगळ्यांसमोर बोलून. तिला स्वतःलाही विचारा. ‘मी अंतर्मुख आहे, मला जमणारच नाही’ असं एकदा तिच्या मनाने घेतलं, तर कागदाने न केलेलं नुकसान आपण करू. प्रशिक्षणात हसत-खेळत ओळख व्हावी म्हणून असा कागद भरायला हरकत नाही. बैठकीत कुणाला शांतपणे ऐकायला आवडतं, कुणाला लगेच बोलायला, एवढं त्यावरून बोलता आलं तरी पुरे.

दुसरा प्रश्न जास्त काळजीचा, कारण त्यात कर्ज आहे. बोटांच्या ठशांच्या चाचणीला ते लोक ‘डी.एम.आय.टी.’ म्हणतात. बोटावरची शंख-चक्रं बाळ पोटात असतानाच तयार होतात आणि जन्मभर तशीच राहतात, हे खरं. तेव्हाच मेंदूही घडत असतो, हेही खरं. काही जन्मजात आजारांत हाताच्या रेषा वेगळ्या असतात, डाऊन सिंड्रोम असलेल्या काही बाळांच्या तळहातावर एकच आडवी रेघ असते, आणि डॉक्टर ती बघतात. विकणारी माणसं ही खरी गोष्ट पुढे करतात आणि तिथून उडी मारतात ती थेट ‘तुमची मुलगी गणितात कच्ची, कलेत हुशार’ इथे. मधला पूलच नाही. आपल्या देशातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने, या चाचणीला शास्त्रीय आधार नाही असं जाहीर केलेलं आहे. त्या कर्जातून मुलीला सायकल आली, वह्या-पुस्तकं आली, तर पैसा कारणी लागेल.

आणखी एक. बोटाचा ठसा ही आता साधी गोष्ट राहिलेली नाही. रेशन त्यावर मिळतं, आधारवरून बँकेतले पैसे त्यावर निघतात. ठशांची नक्कल करून लोकांच्या खात्यातून पैसे काढल्याचे गुन्हे आपल्या देशात नोंदले गेलेत. पोराचे दहा ठसे एका अनोळखी माणसाच्या लॅपटॉपमध्ये कुठे जातात, कोण ठेवतं, किती वर्षं ठेवतं? ज्यांनी आधीच ठसे दिलेत त्यांनी घाबरू नका, एम-आधार अ‍ॅपमध्ये ठसे लॉक करायची सोय आहे, गावातल्या शिकलेल्या पोरा-पोरींकडून करून घ्या.

मोबाईलवरच्या फुकट चाचण्यांचंही तेच. ‘तुमचा स्वभाव ओळखा’ म्हणून फेसबुकवर एक चाचणी होती. सुमारे पावणेतीन लाख लोकांनी ती भरली, पण तिने त्यांच्या मित्रमंडळींचीही माहिती ओढून घेतली आणि ती ब्रिटनमधल्या केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय प्रचाराचं काम करणाऱ्या कंपनीकडे गेली. 2018 साली हे उघड झालं तेव्हा फेसबुकनेच आकडा सांगितला, जगभरात 8 कोटी 70 लाखांपर्यंत. भारतात ते अ‍ॅप घेतलं होतं फक्त 335 जणांनी, आणि माहिती गेली असण्याची शक्यता साडेपाच लाखांहून जास्त लोकांची. चाचणी फुकट होती ती अशी.

तेव्हा पुढच्या पालक सभेत कुणी असली चाचणी घेऊन उभं राहिलं, तर मागच्या रांगेत बसून राहू नका. उठून विचारा: ही चाचणी त्याच मुलावर महिन्याने पुन्हा केली तर तोच निकाल येतो का? कोणत्या विद्यापीठाने तपासली? मुलांचे ठसे आणि नावं कुठे ठेवणार, लेखी द्याल का? फी शाळेला किती, तुम्हाला किती? आणि मुलीला दहावीनंतर काय करायचं हा प्रश्न मनात असेलच, तर तिच्या वर्गशिक्षकांकडे दोन-तीन वर्षांच्या गुणपत्रिका घेऊन जा, आणि तिला कोणत्या तासाला वेळ कसा गेला ते कळत नाही, हे तिलाच विचारा. याला फी नाही.