उडती मोटार आणि नया नगरचा चाकरमानी

स्लोव्हाकियाचे अभियंते श्टेफान क्लाइन यांची मोटार २८ जून २०२१ रोजी नित्राहून ब्रातिस्लाव्हाला उडत गेली. पस्तीस मिनिटांचा हा प्रवास संपताच तिने पंख मिटले आणि ती रस्त्याने शहरात शिरली. या कौतुकात एक तपशील मागे पडतो : तिला उड्डाणासाठी सुमारे तीनशे मीटरची धावपट्टी लागते.

मीरा रोड स्थानकालगतच्या नया नगरात अशी धावपट्टी कोठून आणावयाची? इमारतीला इमारत खेटलेली, उभ्या वाहनांनी गल्ल्या अडविलेल्या. येथील एखाद्या हौशी धनिकाला आपले वाहन आधी जुहूच्या विमानतळावर न्यावे लागेल. म्हणजे दहिसरची कोंडी सोसावयाची, द्रुतगती महामार्गाने पार्ल्यापर्यंत जावयाचे आणि मग आकाशात झेप घ्यावयाची! तोवर त्याचे कार्यालयही बहुधा आलेले असेल.

कांदिवली येथून तिसरे स्थानक. तेथे वैमानिक अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभारले. त्यांची जिद्द वादातीत आहे; पण ते विमानही गच्चीवरून खाली उतरवावेच लागले, आणि सरकारी नोंदणी मिळेपर्यंत २०१७ साल उजाडले.

यंत्रविद्येचा प्रश्न तसा जुनाच सुटलेला आहे. अमेरिकेत मोल्टन टेलर यांच्या ‘एअरोकार’ला १९५६ मध्येच प्रमाणपत्र मिळाले होते. तयार झाल्या मात्र अवघ्या सहा. कारखाना चालावा इतकी मागणीच आली नाही. मोटारीला भक्कमपणा हवा, विमानाला हलकेपणा. दोन्ही साधू जाता किंमत चढते आणि गुण उतरतात. धावपट्टीविना सरळ वर जाणाऱ्या ‘अलेफ’ मोटारीची जाहीर झालेली किंमत तीन लाख डॉलर, म्हणजे अडीच कोटी रुपयांच्या आसपास आहे.

काही वस्तूंचे सुख त्या थोड्यांकडे असेपर्यंतच टिकते, हे अर्थशास्त्रज्ञ फ्रेड हर्श यांनी १९७६ मध्ये मांडले. रस्त्यावरील मोटारीचे नेमके तेच झाले. गर्दीच्या वेळी एका लोकलमध्ये चार हजारांच्या आसपास माणसे कोंबलेली असतात. तेवढ्यांना दोन आसनांच्या वाहनांतून न्यावयाचे तर दोन हजार वाहने आकाशात हवीत. आणि मीरा-भाईंदरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच आठ लाखांवर होती.

हौसेला विरोध करण्याचे कारण नाही. मात्र हवाई मार्गांचे नियंत्रण व उतरण्याचे तळ यांचा भार सरकारी तिजोरीवर न पडता हौशींच्या शुल्कातूनच भागला पाहिजे. त्या तिजोरीवर आधीचा हक्क विरारहून भरून आलेल्या गाडीत मीरा रोडला पाय ठेवू न शकणाऱ्या चाकरमान्याचा आहे. त्याला पंधरा डब्यांच्या आणखी काही गाड्या हव्या आहेत.