लावणी ऐकायची की पाहायची?

लावणी म्हटले की आज डोळ्यांपुढे नऊवारी, घुंगरू आणि दिव्यांनी उजळलेला रंगमंच येतो, कानांत मात्र कोणा एका बाईचा आवाज घुमत नाही. सोलापूर जिल्ह्यात तरी असे व्हायला नको होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्याच्या कवनांनी पेशवाई डोलली तो शाहीर राम जोशी सोलापूरचा. बैठकीच्या लावणीतले मोठे नाव म्हणजे सत्यभामाबाई पंढरपूरकर. विठाबाई नारायणगावकरांचा जन्मही पंढरपूरचाच. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या मोडनिंबची कलाकेंद्रे आजही चालू आहेत, आणि अकलूजच्या राज्यस्तरीय लावणी स्पर्धेने १९९० च्या दशकापासून पारंपरिक लावणीला मोठे व्यासपीठ दिले. एवढा वारसा असलेल्या जिल्ह्यात लावणीवर बोलणे निघते ते नाचावर, पेहरावावर, फार तर गर्दीवर. गाण्यावर कोणी बोलत नाही. माझे म्हणणे असे की लावणीची खरी हानी अश्लीलतेने झाली त्याहून अधिक, गाणारी बाई मागे सरकल्यामुळे झाली आहे.

आधी मुळात काय होते ते पाहू. ढोलकीफडाच्या तमाशात गण, गवळण, वग असा सगळा पसारा असतो, लावणी हा त्याचा एक भाग. संगीतबारीत वग नसतो. बायकांची एकेक पार्टी आपल्या बारीला थिएटरात येते आणि गाणे, नाच, अदा यांवरच कार्यक्रम उभा करते. त्यातली सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे बैठकीची लावणी. बाई समोर बसते, मागे पेटी, तबला किंवा ढोलकी. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा म्हणते, आणि दर वेळी अर्थ वेगळा काढते. पहिल्यांदा ती ओळ तक्रार असते, दुसऱ्यांदा आर्जव, तिसऱ्यांदा थट्टा. हात, भुवई, मान यांची अदा सुरांतून निघते, सुरांवर चिकटवलेली नसते. बालेघाटीसारख्या विरहाच्या लावणीत तर लय इतकी संथ असते की आवाजात दम नसेल तर लपायला जागाच नाही. यमुनाबाई वाईकरांनी ही विद्या आयुष्यभर सांभाळली. त्यांना पद्मश्री मिळाली २०१२ मध्ये, वयाच्या नव्वदीनंतर. २०१८ मध्ये त्या गेल्या.

हा आवाज मागे कसा गेला, याचे मोठे उत्तर चित्रपटात आहे. बारीत गाणारी आणि अदा करणारी बाई एकच होती. पडद्याने तिची दोन माणसे केली. १९७२ च्या ‘पिंजरा’त गळा उषा मंगेशकरांचा आणि नाच संध्याबाईंचा. २०१० च्या ‘नटरंग’मध्ये गळा बेला शेंडे यांचा, २०२२ च्या ‘चंद्रमुखी’त श्रेया घोषाल यांचा. ही गाणी उत्तम आहेत, या गायिकांचे श्रेय कमी करण्याचा प्रश्नच नाही. पण त्या गाण्यांचा परिणाम असा झाला की बारीतल्या बाईला तिच्याच व्यासपीठावर दुसरीच्या ध्वनिमुद्रित आवाजावर नाचण्याची मागणी होऊ लागली. गावोगावच्या कार्यक्रमांतून पेटीवाला गेला, ढोलकीवाला गेला, त्यांच्या जागी पेनड्राइव्ह आला. ज्या बाईला दोनशे वर्षांच्या लावण्या पाठ आहेत तिचा गळा त्या रात्री बंदच राहतो.

या बाबतीत जपानकडे पाहण्यासारखे आहे. तिथे एन्का नावाचा गीतप्रकार आहे. ताटातूट, बंदरावरचा निरोप, न परतलेला प्रियकर, दूर राहिलेले गाव हे त्याचे विषय. आवाजाला जागोजागी दिलेली मुरड हे त्याचे वैशिष्ट्य. बहुतेक गीते पुरुषांनी लिहिलेली, पण बाईच्या मनाची, हेही आपल्या शाहिरांसारखेच. एन्काची गायिका बहुधा किमोनो नेसून मायक्रोफोनपुढे जवळजवळ स्थिर उभी राहते, आणि सगळा प्रसंग गळ्याने उभा करते. मिसोरा हिबारी यांचे १९८९ मध्ये निधन झाले, त्याच वर्षी जपान सरकारने त्यांना मरणोत्तर राष्ट्रीय सन्मान दिला, आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. इशिकावा सायुरी यांनी १९७७ मध्ये गायलेले त्सुगारू सामुद्रधुनीच्या हिवाळ्याचे गाणे आजही घरोघरी माहीत आहे. साकामोतो फुयुमी यांच्यासारख्या गायिका अजून मंचावर आहेत, आणि मिझुमोरी काओरी यांनी तर एकेका गावावर, एकेका किनाऱ्यावर गाणी गाऊन स्वतःची वेगळी वाट केली. एनएचके या सार्वजनिक वाहिनीवर वर्षअखेरीच्या रात्री स्त्री गायिकांचा लाल आणि पुरुष गायकांचा पांढरा असे दोन गट गातात. हा कार्यक्रम १९५१ पासून चालू आहे, आणि अनेक दशके त्यात एन्काच्या गायिकांना मानाची जागा होती. याहून महत्त्वाचे कॅराओके. दुकानदार, गृहिणी, निवृत्त कारकून संध्याकाळी जमून हीच गाणी स्वतः म्हणतात. जी गाणी श्रोत्याच्या तोंडी असतात त्यांच्या गायिकेला समाज विसरत नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की परंपरा बदलतच असते, मग नाचाची लावणी ही आजची लावणी का मानू नये? बदल नाकारण्याचे कारण नाहीच. एन्का हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रस्त्यावरच्या राजकीय गाण्यांना होते. आज ज्याला ‘जुने जपानी गाणे’ म्हणतात तो प्रकार त्या नावाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस रुळला. आपल्याकडेही पूर्वीच्या तमाशात नाच्या पोऱ्या असे, पवळाबाई हिवरगावकरांसारख्या स्त्रिया फडात आल्या तो मोठाच बदल होता. पण त्या बदलाने कलेत भर पडली. पवळाबाईंनी गाणे आणले. आजच्या बदलात वजाबाकी आहे, म्हणून तो खटकतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो टाळून चालणार नाही. बैठकीची लावणी ज्या व्यवस्थेत वाढली ती व्यवस्था बायकांच्या दृष्टीने क्रूर होती. दौलतजादा करणारे शौकीन, खासगी बैठका, कलावंत समाजातल्या मुलींचे ठरून गेलेले आयुष्य, त्यांच्या मुलांच्या वाट्याला आलेली अवहेलना हे सगळे त्या गाण्याच्या मागे आहे. मग ते गाणे जपणे म्हणजे ती व्यवस्था जपणे नव्हे का? याचे उत्तर सुलोचना चव्हाण यांनी आपल्या गाण्याने दिले आहे. त्या फडातल्या नव्हत्या, मुंबईच्या गिरगावातल्या. मंचावर दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन त्या उभ्या राहत, पाऊलही हलवत नसत, आणि शब्दाच्या फेकीने, स्वराच्या झटक्याने सभागृह ताब्यात घेत. आचार्य अत्र्यांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटले ते या गळ्यासाठी. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या. लावणीचा सगळा शृंगार आवाजात मावतो आणि तो बैठकीच्या बाजारावाचूनही जगतो, हे त्यांनी सिद्ध केले. पण तेवढ्यावर थांबणे अन्यायाचे होईल. गाणे प्रतिष्ठित घरांत पोहोचले आणि बारीतली बाई बाहेरच राहिली, तर आपण तिची विद्या घेतली आणि तिला विसरलो, एवढाच त्याचा अर्थ. भूषण कोरगावकर यांचे ‘संगीत बारी’ हे पुस्तक आणि सावित्री मेधातुल यांच्यासह त्यांनी उभा केलेला त्याच नावाचा कार्यक्रम मला म्हणूनच मोलाचा वाटतो. त्यात शकुंतलाबाई नगरकरांसारख्या बारीतल्या कलावंत स्वतः गातात, स्वतः बोलतात, आणि तिकीट काढून आलेला प्रेक्षक, त्यात बायकाही, त्यांना मानाने ऐकतो.

दूरचित्रवाणीवर मुली लावणी गातातच की, असेही कोणी म्हणेल. गातात, आणि छान गातात. पण ती बहुतेक चित्रपटातलीच चार मिनिटांची लावणी असते, ठरलेल्या जागा ठरल्या तशाच. एका ओळीचे दहा अर्थ काढण्याची विद्या तिथे शिकवली जात नाही, कारण ती ज्यांच्याकडे आहे त्यांना शिकवायला कोणी बोलावत नाही. जपानमध्येही सगळे आलबेल आहे असे नाही. एन्काचा श्रोता म्हातारा होतो आहे, वर्षअखेरीच्या कार्यक्रमातल्या त्याच्या जागाही कमी झाल्या आहेत. फरक एवढाच की तिथल्या गायिकांचे गाणे ध्वनिमुद्रित आहे, त्यांची नावे लोकांना माहीत आहेत. मोडनिंबच्या केंद्रात आज गाणाऱ्या बाईचे नाव सोलापुरात किती जणांना सांगता येईल?

करायचे काम अवघड नाही. हुतात्मा स्मृती मंदिरात वर्षातून एक संध्याकाळ फक्त बैठकीच्या लावणीची ठेवा, पेटी आणि ढोलकी साथीला घेऊन, गाणारीचे नाव जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापून. स्पर्धा भरवणाऱ्यांनी नाचाएवढेच मोठे बक्षीस स्वतः गाणाऱ्या कलावंताला द्यावे. सोलापूर विद्यापीठाने जिल्ह्यातल्या वयस्क गायिकांना मानधन देऊन त्यांच्या लावण्या पूर्ण चालींसह ध्वनिमुद्रित कराव्यात, आणि हे काम उद्यावर टाकू नये. गणपतीत किंवा यात्रेत लावणीचा कार्यक्रम ठरवणाऱ्या मंडळांनी सुपारी देताना एवढेच विचारावे: तुमच्या पार्टीत गाणार कोण?