नवे वर्ड, जुन्या फाइली

मायक्रोसॉफ्ट वर्डची नवी आवृत्ती घेताना बहुतेकांना धास्ती वाटते ती बदललेल्या पडद्याची. २००७च्या आवृत्तीत जुने मेनू गेले आणि वरच्या बाजूला बटणांची रुंद पट्टी, म्हणजे रिबन, आली. तिची सवय होते. कंट्रोल-एस, कंट्रोल-झेडसारखे शॉर्टकट तर तसेच आहेत.

खरा बदल फाइलीच्या पोटात झाला. पूर्वीची डॉक फाइल बायनरी असे. २००७पासूनची डॉकएक्स म्हणजे एक्सएमएल मजकुराच्या अनेक लहान फाइलींचे झिप केलेले गाठोडे. जुनी डॉक फाइल नव्या वर्डमध्ये उघडते, पण 'कम्पॅटिबिलिटी मोड'मध्ये, आणि तेव्हा काही नव्या सोयी बंद असतात. ती डॉकएक्समध्ये बदलण्याआधी मूळ प्रत वेगळी ठेवा. बदलल्यावर तक्ते, तळटिपा आणि पानांची मोडणी नजरेखालून घाला.

मराठी लिहिणाऱ्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांत टंकलेला मजकूर संगणकाच्या लेखी देवनागरी नसतोच. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार दिसतात, इतकेच. फॉन्ट नसला की पडद्यावर निरर्थक खुणा उमटतात. वर्ड कितीही नवे घेतले तरी हे सुटत नाही. त्यासाठी मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावा लागतो. मग जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासावेच लागतात.

वर्ड २०१६ आणि २०१९ यांचा अधिकृत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. या आवृत्त्या वापरत असाल, तर आधी फाइलींची प्रत काढा आणि मगच नवी आवृत्ती बसवा.