गाळात रोवलेली नळी

1950 साली ‘होरायझन’ हे जहाज सॅन दिएगोहून पॅसिफिकमध्ये निघालं. त्यावर काही मीटर लांबीची एक पोलादी नळी होती. कल्पना ब्रिटिश भूभौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड बुलार्ड यांची, आणि ती वापरणारे स्क्रिप्स संस्थेचे रॉजर रेव्हेल आणि त्यांचा विद्यार्थी आर्थर मॅक्सवेल.

नळी तारदोराने कित्येक किलोमीटर खोल सोडायची. ती तळाच्या गाळात घुसायची आणि घुसताना घर्षणाने स्वतःच तापायची. म्हणून अर्धा तास तिला तशीच राहू द्यायचं. तोवर वर जहाज वाऱ्यापाण्याबरोबर सरकत असे. दोर ताणला गेला की नळी वाकलीच किंवा उपटलीच म्हणून समजा. एवढा खटाटोप कशासाठी, तर नळीच्या वरच्या आणि खालच्या भागांतल्या तापमानाचा फरक मोजण्यासाठी. तो पुरता एक अंशही नसे!

खंडांखालच्या ग्रॅनाइटमध्ये युरेनियम, थोरियम, पोटॅशियम असतं. त्यांच्या किरणोत्सर्गातून उष्णता निघते. सागरतळाशी ग्रॅनाइट नाही, म्हणजे तिथून उष्णताही थोडीच येणार, असा सगळ्यांचा हिशेब होता. आकडे आले ते जवळजवळ जमिनीइतकेच. 1952 मध्ये ते ‘नेचर’मध्ये छापून आले. मग ही ऊब येते कुठून? उत्तर खाली, कवचाखालच्या प्रावरणातच शोधणं भाग होतं.

1963 मध्ये कॅनडाच्या टुझो विल्सन यांनी हवाई बेटांबद्दल एक धाडसी विचार मांडला: खाली उष्णतेचा स्रोत जागच्या जागी आहे, वरून सागरतळ सरकतो आहे. म्हणूनच वायव्येकडचं काउआई जुनं आणि आग्नेय टोकाचं हवाई अजून धगधगतं. एका अमेरिकन नियतकालिकाने लेख नाकारला, तो कॅनडात छापला गेला. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळही बरेच संशोधक अशाच स्रोताशी जोडतात. तो स्रोत आज रियुनियन बेटाखाली आहे.

आता हवाईच्या या स्रोताची कसोटी नळीने घ्यायची होती. हवाईभोवतीचा सागरतळ सुमारे किलोमीटरभर फुगलेला आहे. सरकणारं भूपट्ट खालून तापून फुगलं असेल, तर तिथे जादा उष्णता सापडायला हवी. 1980च्या दशकात रिचर्ड व्हॉन हर्झन आणि सहकाऱ्यांनी मोजमापं घेतली. फुगवट्याच्या माथ्यावर लक्षात येईल एवढी जादा उष्णता मिळाली नाही. मला हाच या कथेतला सर्वांत मोलाचा क्षण वाटतो. तो फुगवटा तापलेल्या भूपट्टाने नव्हे, तर खालून वर येणाऱ्या हलक्या, उष्ण द्रव्याच्या रेट्याने तोलला असावा, या मताला बळ आलं. त्यावर पुढे आक्षेप आला, की कातळाच्या भेगांतून फिरणारं समुद्राचं पाणीच उष्णता वाहून नेत असेल, मग नळीला ती दिसणार कशी?