नाटेकर, नंदू
(१२ मे १९३३–२८ जुलै २०२१). आंतरराष्ट्रीय कीर्तीचे भारतीय बॅडमिंटनपटू. पूर्ण नाव नंदकुमार महादेव नाटेकर. जन्म सांगली येथे. शिक्षण मुंबईच्या रामनारायण रुइया महाविद्यालयात. प्रारंभी त्यांचा ओढा टेनिसकडे होता. १९५१-५२ च्या सुमारास कुमारांच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेत त्यांनी अंतिम फेरी गाठली. तीत रामनाथन कृष्णन यांच्याकडून ते पराभूत झाले. त्यानंतर ते बॅडमिंटनकडे वळले आणि १९५३ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, भारतातर्फे प्रथम खेळले.

त्यापूर्वी भारतीय खेळाडूंनी परदेशांत चमक दाखविली होती. मात्र विजेतेपद दूर राहिले होते. १९४७ च्या अखिल इंग्लंड स्पर्धेत प्रकाश नाथ अंतिम फेरीत पोहोचले व तेथे हरले. नाटेकरांनी १९५४ मध्ये याच स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी गाठली. पुढे १९५६ मध्ये क्वालालुंपूर येथील सेलांगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी पुरुषांच्या एकेरीचे विजेतेपद मिळविले. आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय होत. त्या काळी मलायाचे खेळाडू जगात अग्रेसर होते आणि त्यांच्याच भूमीवर हे यश मिळाले, यात त्याचे खरे महत्त्व आहे.

या विजयामुळे नाटेकरांचे नाव मुख्यतः एकेरीशी जोडले गेले. परंतु त्यांच्या राष्ट्रीय विजेतेपदांची मोजदाद निराळेच चित्र दाखविते. त्यांनी राष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांची एकेरी सहा वेळा, पुरुषांची दुहेरी सहा वेळा आणि मिश्र दुहेरी पाच वेळा जिंकली. म्हणजे सतरा विजेतेपदांपैकी अकरा त्यांनी जोडीदाराच्या साथीने मिळविली. चंद्रकांत देवरस हे त्यांच्या पुरुष दुहेरीतील साथीदारांपैकी एक. मिश्र दुहेरीत त्यांना मीना शाह यांची साथ लाभली. १९५९ ते १९६५ अशी सलग सात वर्षे महिला एकेरीचे राष्ट्रीय विजेतेपद राखणाऱ्या या खेळाडूसमवेत त्यांनी १९६२ मध्ये बँकॉकच्या किंग्ज कप स्पर्धेतील मिश्र दुहेरी जिंकली. महाराष्ट्रात दुहेरीची परंपरा त्यांच्या आधीपासूनच होती. क्रिकेटपटू प्रा. दि. ब. देवधर यांच्या तारा, सुंदर व सुमन या तीन कन्यांनी महिलांच्या स्पर्धांत नाव मिळविले होते.

एकेरी आणि दुहेरी हे एका अर्थाने दोन वेगळे खेळ आहेत. क्रीडांगणाची लांबी दोहोंत १३.४० मी. असते, मात्र एकेरीतील ५.१८ मी. रुंदी दुहेरीत ६.१० मी. होते. रुंदी वाढली, तरी ती दोघांत वाटली जात असल्याने मोकळी जागा सापडणे उलट कठीण होते. शिवाय दुहेरीत आरंभखेळीचे क्षेत्र मागील बाजूने ०.७६ मी. ने आखूड असते. त्यामुळे उंच व खोल आरंभखेळी करून प्रतिस्पर्ध्याला मागे ढकलण्याची सोय उरत नाही. ती जाळ्याला लगटून आखूड करावी लागते आणि पुढच्या दोन-तीन फटक्यांतच बहुधा गुणाचा निकाल लागतो. येथे जोरकस टोले व छातीच्या उंचीवरील सपाट फटके यांना प्राधान्य असते. नाटेकरांचा पिंड याहून वेगळा होता. मनगटाच्या नाजूक हालचालीने अखेरच्या क्षणी फुलाची दिशा बदलणे, प्रतिस्पर्ध्याला चकविणे आणि पाठहाताचे डौलदार फटके मारणे यांसाठी ते ओळखले जात. अशा खेळाला मोकळे अंगण मानवते. तरीही दुहेरीत ते बारा वेळा नव्हे, पण बाराला एक कमी इतक्यांदा राष्ट्रीय विजेते ठरले. जाळ्याजवळ उभ्या असलेल्या खेळाडूला चकवा व अचूक स्पर्श ही ताकदीइतकीच उपयोगी शस्त्रे ठरतात, हे त्याचे कारण असावे.

राष्ट्रीय संघात त्यांच्यावर दोन्ही प्रकारांचा भार पडे. टॉमस चषकाच्या सामन्यात त्या काळी पाच एकेरी व चार दुहेरी अशा नऊ लढती होत. हे स्वरूप १९८२ पर्यंत टिकले; १९८४ पासून लढती पाचवर आल्या. त्यांपैकी दोन एकेरी आणि दोन दुहेरी एकाच खेळाडूच्या वाट्याला येऊ शकत. म्हणून आघाडीच्या खेळाडूच्या दमाची कसोटी लागे. सुमारे दहा वर्षांच्या कालखंडात नाटेकर या स्पर्धेत सोळा एकेरी लढती खेळले व त्यांपैकी बारा जिंकले. दुहेरीच्या सोळा लढतींपैकी मात्र आठच त्यांच्या बाजूने लागल्या. हा फरक बोलका आहे. एकेरीत सर्वस्वी स्वतःवर विसंबता येते. दुहेरीत जोडी वर्षानुवर्षे एकत्र घडावी लागते. १९५९, १९६१ व १९६३ मध्ये त्यांनी भारतीय संघाचे नेतृत्व केले. हा चषक भारताने पुढे १५ मे २०२२ रोजी बँकॉक येथे इंडोनेशियाला ३–० असे नमवून प्रथमच जिंकला. त्या अंतिम सामन्यातील दुसरी लढत सात्त्विकसाईराज रंकिरेड्डी आणि मुंबईचे चिराग शेट्टी या दुहेरीच्या जोडीने जिंकून दिली.

नाटेकरांची सारी कारकीर्द हौशी खेळाच्या काळातील असून, रोख बक्षिसांचे युग १९८० च्या सुमारास सुरू झाले तेव्हा ते स्पर्धात्मक खेळातून केव्हाच बाजूला झाले होते. सुमारे पंधरा वर्षांत त्यांनी देशी-विदेशी मिळून शंभराहून अधिक विजेतेपदे पटकावली. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, त्याच वर्षी तो त्यांना देण्यात आला. बॅडमिंटनमधील पहिले मानकरी तेच. त्यांचे पुत्र गौरव नाटेकर यांनी वडिलांच्या मूळ आवडीचा खेळ निवडला. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांनी लिअँडर पेस यांच्यासह टेनिसच्या पुरुष दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले. नंदू नाटेकर यांचे पुणे येथे निधन झाले.