एकदा राहा, नातेवाईक व्हा!

मुलांनो, मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही मामाच्या गावाला जाता ना? समजा, हा मामा जपानमध्ये असला तर? आणि तोही असा, की ज्याला तुम्ही जन्मात कधी पाहिलेलं नाही!

जपानच्या क्यूशू बेटावर, ओइता प्रांतात, आजिमु नावाचं द्राक्षबागांचं गाव आहे. पाहुण्यांना हॉटेलात न पाठवता आपल्याच घरी ठेवून घ्यायचं, म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी १९९६ साली एक गट काढला. त्यांचं ब्रीदवाक्य मोठं गोड आहे. एकदा राहिलात तर लांबचे नातेवाईक, दहा वेळा राहिलात तर सख्खे! आता जपानमध्ये अनेक गावांत अशी घरं आहेत. शाळेच्या सहलीची बस गावात येते आणि दोघं-तिघं, चौघं अशी मुलं घरोघर वाटली जातात. परदेशातली मुलंसुद्धा अशी राहतात. यालाच म्हणतात होमस्टे.

पण नातेवाईक व्हायचं तर घरची रीत नको का कळायला? चला, दारापासून सुरुवात करू.

दारातच पायरीखाली एक छोटी जागा असते. तिला म्हणतात गेन्कान. बूट इथेच काढायचे, बाहेरच्या बाजूला तोंड करून नीट ठेवायचे आणि घरातल्या सपाता घालायच्या. तातामी, म्हणजे गवती चटयांची खोली आली, की सपाताही बाहेर. संडासासाठी तर वेगळ्याच सपाता! त्या घालून कुणी बैठकीच्या खोलीत आलं, की घरभर हशा पिकलाच म्हणून समजा.

आता अंघोळ. इथे मात्र नीट लक्ष द्या! आधी टबाच्या बाहेर बसून साबण लावून स्वच्छ अंघोळ करायची. मग गरम पाण्याच्या टबात नुसतं शांत बसायचं. टबातलं पाणी घरातल्या सगळ्यांसाठी एकच असतं आणि बहुधा पाहुण्याचा नंबर पहिला लागतो. तुम्ही टबात साबण लावलात, किंवा निघताना बूच काढून पाणी सोडून दिलंत, तर बाकीच्यांनी काय करायचं? आहे की नाही गंमत? पाहुण्याला पहिला मान, पण मागून येणाऱ्यांची काळजीही त्यानंच घ्यायची.

जेवायला बसल्यावर हात जोडून ‘इतादाकिमासु’ म्हणायचं. म्हणजे, हे अन्न मी नम्रपणे घेतो. जेवण झालं, की ‘गोचिसोसामा’. चॉपस्टिक्स मात्र भातात उभ्या खोचू नका हं! तिथे मृताच्या नावानं ठेवलेल्या भातात त्या तशा खोचतात.

सकाळी गादीची घडी घालून ती भिंतीतल्या कपाटात ठेवायची. ताटं उचलायची, शेतावर हात लावायचा. तिथल्या बहुतेक शाळांत मुलंच वर्ग झाडतात, पुसतात. तेव्हा ‘मी पाहुणा’ म्हणून बसून राहू नका.

आणि भाषा? फार घाबरू नका. एक शब्द तर अगदी आपलाच वाटेल. घरातून निघताना जपानी मुलं म्हणतात, ‘इत्तेकिमासु’. याचा अर्थ काय माहीत आहे? ‘जाऊन येतो’! आपणही ‘जातो’ म्हणत नाही, नाही का? घरातून उत्तर येतं ‘इत्तेराश्शाइ’, म्हणजे ‘जाऊन ये’. परत आल्यावर ‘तादाइमा’ म्हणा, म्हणजे ‘आलो’. पाहुणा असं म्हणत नाही, घरचा माणूस म्हणतो. तुम्ही ते म्हटलंत, की नातं जुळलं!

आता थोडं आई-बाबांसाठी. मूल शाकाहारी असेल, तर नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. जपानी सूप आणि भाज्या बहुतेक वेळा ‘दाशी’त शिजतात आणि हे दाशी पुष्कळदा सुकवलेल्या माशाचं असतं. काय चालतं, काय चालत नाही, कशाची ॲलर्जी आहे, हे निघण्याआधीच जपानीत लिहून संयोजकांना द्या. यजमान आई कितीही प्रेमळ असली, तरी न सांगितलेलं तिला कसं कळणार? त्या घरात आणखी कोण राहतं, रात्री अडचण आली तर फोन कुणाला करायचा, हेही संयोजकांना विचारून घ्या.

जायचं कसं? काही शाळा आणि संस्था मुलांच्या सहली नेतात. जपान सरकारनं २००७ साली ‘जेनेसिस’ नावाचा युवा भेटींचा कार्यक्रम सुरू केला. त्यातून भारतातलीही मुलं जपानला गेली आहेत. तेव्हा शाळेच्या सूचनाफलकावर नजर ठेवा.

आणि हो, तोवर एक गृहपाठ. उद्या एक जपानी मुलगी चार दिवस तुमच्या घरी राहायला आली, तर तिला कायकाय सांगावं लागेल? चपला कुठे काढायच्या, देवघरापाशी कसं वागायचं, हातानं वरणभात कसा कालवायचा... रात्री जेवताना सगळ्यांनी मिळून यादी करा. आपल्या घरातही किती रीती आहेत, हे बघून तुम्हालाच नवल वाटेल!