पुराच्या बोटीला मोटर कोणती?

गोदावरीला पूर आला की कोपरगावकरांचे लक्ष नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातून सुटणाऱ्या विसर्गाकडे लागते. गंगापूर आणि दारणा धरणांचे पाणी या बंधाऱ्यावरूनच खाली येते. २०१९ च्या ऑगस्टमधील मोठ्या पुरासारखे प्रसंग आले, की नदीकाठच्या सखल भागांसाठी बोटीची आठवण होते. मात्र बोटीच्या मागील फळीला लावायची आउटबोर्ड मोटर निवडताना केवळ अश्वशक्तीचा आकडा पाहिला जातो, आणि चूक तेथेच होते.

प्रवाहाचा वेग सेकंदाला ३ मीटर असेल, तर तो ताशी सुमारे ११ किलोमीटर होतो. माणसांनी भरलेली बोट स्थिर पाण्यात ताशी १५ किलोमीटर जात असली, तरी प्रवाहाविरुद्ध ती जेमतेम ४ किलोमीटरच पुढे सरकेल. म्हणून रिकाम्या बोटीच्या चाचणीवर विसंबून चालत नाही. अर्थात, बोटीवर नमूद केलेल्या कमाल अश्वशक्तीची मर्यादाही ओलांडू नये.

शर्यतीच्या बोटीचे गणित वेगळे. तिथे वजन कमी, वेग जास्त. त्यामुळे अधिक 'पिच'चा पंखा लावतात. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा तत्त्वतः जितका पुढे सरकेल ते अंतर. बचावाच्या बोटीला हाच पंखा लावला, तर ओझ्याखाली इंजिन फेरे घेईनासे होते. तिला कमी पिचच हवा.

दांड्याची लांबी सहसा १५ किंवा २० इंच असते. ती मागील फळीच्या उंचीशी जुळली पाहिजे. आखूड दांड्याचा पंखा हवा ओढतो, तर लांब दांडा पाण्याखालच्या कुंपणाला, बांधाला आदळतो.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, हा वाद जुनाच. फोर-स्ट्रोक कमी इंधन पिते, आवाजही कमी करते. टू-स्ट्रोक मात्र हलकी आणि दुरुस्तीला सोपी. चिखलातून दोघांना मोटर खांद्यावर न्यायची असेल, तर हा फरक मोठा ठरतो. अनेक टू-स्ट्रोक मोटरींत पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. ते प्रमाण घाईत चुकू नये, म्हणून मिश्रणाचे डबे आधीच भरून त्यांवर तारीख टाकलेली बरी.

गढूळ पाणी आणि पाणवेली हे आणखी एक संकट. मोटर नदीच्याच पाण्याने थंड होते. मागून उडणारी बारीक धार थांबली, की पाणी आत घेण्याची जाळी तुंबल्याचा संशय घ्यावा आणि इंजिन लगेच बंद करावे.